झेंडा कुणाच्या हाती, जबाबदारी कुणाच्या माथी?

लातूरहून नांदेडकडे जाताना वाटेत चाकूर लागते. एप्रिल महिन्यात एका कार्यक्रमानिमित्त आम्ही तिथे उतरलो होतो. भीमजयंती चार दिवसांवर आली होती. रस्त्यालगतच्या एका दुकानात दोरीला झेंडेच झेंडे टांगलेले. निळा होता, पंचशील होता, भगवा होता, हिरवा होता, तिरंगा होता. निवडणुकीतून उरलेले दोन-तीन पक्षांचेही होते. आम्ही दुकानदाराला विचारले, 'सगळ्यात जास्त कोणता खपतो?' तो हसून म्हणाला, 'ज्याचा महिना त्याचा झेंडा. एप्रिलमध्ये निळा, ऑगस्टमध्ये तिरंगा. कापड एकच हो, रंग तेवढा वेगळा.'

त्याचे बोलणे धंद्याचे होते. पण ते आमच्या डोक्यातून काही जाईना. कापड जर एकच असेल तर एका झेंड्यापुढे माणसे ताठ उभी का राहतात, दुसऱ्यापुढे धावती गाडी का थांबते आणि तिसरा दिसला की गावात दगड का उचलले जातात? झेंड्यात असे आहे तरी काय?

आपल्या मराठीत झेंड्याला शब्द किती! ध्वज, झेंडा, निशाण, पताका, बावटा. शासकीय कार्यक्रमात ध्वज, मोर्चात झेंडा, दिंडीत पताका, कामगाराच्या हातात लाल बावटा. मंत्री आले की एखाद्या कामाला हिरवा झेंडा दाखवतात आणि जनता चिडली की त्याच मंत्र्याला काळे झेंडे दाखवते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जिथे आवाज पोहोचत नाही, तिथे झेंडा बोलतो. तो लांबून सांगतो की इथे कोण आहे, काय चालले आहे, तुम्ही थांबायचे की पुढे जायचे. म्हणजे झेंडा हा निरोप आहे. आणि निरोप म्हटला की तो देणाऱ्यावर जबाबदारी आलीच. नेमकी हीच गोष्ट आज आपण विसरत चाललो आहोत.

चाकूर तालुक्यातच लातूर रोड हे रेल्वेचे जंक्शन आहे. एक मार्ग परळीकडे जातो, एक उदगीर-बीदरवरून विकाराबादकडे आणि एक लातूरकडे. तिथल्या फलाटावर अर्धा तास उभे राहून पाहावे. गाडी सुटताना मागच्या डब्यातला गार्ड हिरवा झेंडा दाखवतो. २०२२ पासून रेल्वेने त्याच्या पदाचे नाव ट्रेन मॅनेजर असे केले. पण लोकांच्या तोंडी तो अजून गार्डच आहे. त्याचा तो हिरवा झेंडा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. 'सगळे ठीक आहे, याची हमी मी देतो' असा त्याचा अर्थ आहे. झेंडा चुकीचा दाखवला तर त्याला त्याचा जाब द्यावा लागतो.

आणि रुळावर काम करणारा गँगमन? कुठे रूळ तुटलेला दिसला, भराव खचलेला दिसला, तर तो रुळावर दोन काठ्यांमध्ये लाल कापड ताणून बांधतो. ब्रॉडगेज मार्गावर हे कापड धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर लावायचे, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर ठेवायचे, असा नियम आहे. चाक फटाक्यावरून गेले की आवाज होतो, चालक सावध होतो आणि लाल कापड दिसताच गाडी उभी करतो. हे कापड लावणाऱ्याची जात चालक विचारीत नाही. त्याचे शिक्षण किती, त्याचे घर कुठल्या वस्तीत, हेही विचारीत नाही. गाडीत आमदार असो की जिल्हाधिकारी, गँगमनच्या लाल कापडापुढे एक्स्प्रेस थांबते म्हणजे थांबते. हातात झेंडा नसेल तर त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर उंच धरायचे. नियमाने त्याचाही अर्थ 'थांबा' असाच होतो.

बंधू-भगिनींनो, याचा विचार करा. रुळावर ज्या हातातल्या लाल फडक्यापुढे हजारो माणसांची गाडी थांबते, तोच हात सुटी घेऊन गावी आला आणि त्याने वेशीजवळ निळा झेंडा उभारला तर गावाचे माथे भडकते. हात तोच, कापडही तसेच. मग फरक कशाचा? रुळावरच्या झेंड्यामागे नियम उभा आहे आणि तो नियम सगळ्यांनी मान्य केला आहे. गावातल्या झेंड्यामागेही नियम आहे. त्याचे नाव भारताचे संविधान. पण तो मान्य करायला गाव अजून तयार नाही.

इतर ठिकाणीही हेच दिसते. खेळाच्या मैदानावर लांब उडीचा पंच उडी बरोबर असेल तर पांढरा झेंडा वर करतो, चुकली असेल तर लाल. फुटबॉलमध्ये रेषेवरच्या पंचाने झेंडा उंचावला की जगातला सर्वांत महागडा खेळाडूही ऑफसाइड ठरू शकतो. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शेतकऱ्या-मजुरांची पोरे तिथून जवान होऊन बाहेर पडतात आणि ध्वजाच्या साक्षीने शपथ घेतात. त्यांच्यापैकी कुणी सीमेवर कामी आला तर त्याच्या शवपेटीवर तिरंगा पांघरला जातो. मात्र तो तिरंगा मृतदेहाबरोबर पुरायचा किंवा जाळायचा नाही, असे ध्वजसंहिता सांगते. राष्ट्रीय दुखवट्यात ध्वज अर्ध्यावर उतरवतात. तोही सरळ अर्ध्यावर चढवायचा नसतो. आधी क्षणभर टोकापर्यंत न्यायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. दुःखातसुद्धा ध्वजाची उंची आधी मान्य करायची, असा त्याचा भाव आहे.

नांदेडला सचखंड हुजूर साहिबवर निशाण साहिब फडकते. लांबून येणाऱ्याला ते सांगते की इथे लंगर आहे, इथे पोटाला मिळेल आणि कुणी जात विचारणार नाही. राजा आणि रंक एका पंगतीत बसतील. हा त्या निशाणाचा शब्द आहे आणि पंगत बसते म्हणून तो खरा ठरतो. याउलट आषाढीच्या दिंडीत शतकानुशतके भगव्या पताका नाचल्या, वाळवंटात समतेचे अभंग गायले गेले. पण चोखोबांच्या लेकरांसाठी पंढरपूरच्या मंदिराचा दरवाजा उघडायला मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पताका वाळवंटात समता सांगत होती आणि दारात अडत होती. ज्या झेंड्याचा शब्द दारापाशी थांबतो, त्या झेंड्याला काय म्हणायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या मराठवाड्याच्या मातीला झेंड्याचे मोल कुणी शिकवायला नको. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिरंगा फडकावणे हा इथे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून सत्याग्रह सुरू केला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. गावोगावी तरुणांनी झेंडे लावले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. तो दिवस आज आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. एका कापडासाठी माणसे तुरुंगात का गेली? कारण त्या कापडावर त्यांचे नागरिकत्व अवलंबून होते.

पण त्याच मुक्त मराठवाड्यात पुढे काय घडले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. एका नावासाठी सोळा वर्षे! निजामाच्या काळात तिरंगा लावणाऱ्याला जी शिक्षा होती, तीच पुढे 'जयभीम' म्हणणाऱ्याच्या वाट्याला आली. मुक्तिसंग्रामाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला आहे काय?

आता तिरंग्याचेच पाहू. जून १९४७ मध्ये संविधान सभेने ध्वजासाठी समिती नेमली. डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी ठराव मांडला आणि चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. चोवीस आऱ्यांचे ते निळे चक्र म्हणजे बुद्धाच्या धम्मचक्र प्रवर्तनाची खूण. या देशाने आपल्या ध्वजाच्या मधोमध राजाची तलवार ठेवली नाही, कुठल्या देवाचे आयुध ठेवले नाही. एका भिक्खूने जिथे पाच जणांना पहिला उपदेश केला, तिथली खूण ठेवली. म्हणूनच काहींना तो पहिल्यापासून खुपला. ऑगस्ट १९४७ मध्ये 'ऑर्गनायझर' या साप्ताहिकाने या ध्वजाला उघड विरोध केला होता. आज त्याच विचारांची मंडळी राष्ट्रभक्तीची प्रमाणपत्रे वाटत फिरतात तेव्हा हा इतिहास आठवावा लागतो.

आणि हा ध्वज तयार होतो कुठे? चाकूरच्या शेजारच्या उदगीरला राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात तिचे राष्ट्रध्वज तयार होतात. देशात असे काम करणारी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ध्वजाची लांबी-रुंदी ३ ला २ याच प्रमाणात हवी, त्याचे नऊ आकार ठरलेले आहेत. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, शिलाई करणाऱ्या हातांना एका ध्वजामागे किती काळजी घ्यावी लागते! पण ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली, यंत्रावर काढलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली. ध्वज घरोघरी गेला, याचा आम्हाला आनंदच आहे. घरावर ध्वज लावणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्येच सांगितले आहे. पण १६ ऑगस्टला गटारीच्या काठावर पडलेले तिरंगे कुणी उचलायचे? बहुतेक ठिकाणी ते सफाई कामगार उचलतो. लावणारा एक, उचलणारा दुसरा. या देशातली जातव्यवस्था झेंड्यापर्यंत अशी येऊन पोहोचली आहे.

गावच्या ध्वजारोहणाचा मान सरपंचाचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुसूचित जातीचे स्त्री-पुरुष सरपंच होऊ लागले. कागदावर खुर्ची मिळाली, पण दोरी? २०२० च्या स्वातंत्र्यदिनी तामिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यात आत्तुपाक्कम गावच्या दलित महिला पंचायत अध्यक्षांना ध्वज फडकावू दिला नाही. बोभाटा झाल्यावर जिल्हाधिकारी गावात गेल्या आणि २० ऑगस्टला त्यांच्या हस्ते ध्वज फडकला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांना सगळ्या जिल्हाधिकाऱ्यांसाठी पत्रच काढावे लागले. म्हणजे तिरंगासुद्धा दलिताच्या हातात गेला की त्याचा रंग काहींना वेगळा दिसू लागतो. आपल्या जिल्ह्यांत असे होत नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील?

निळ्या झेंड्याची कथा तर घरोघरची आहे. आपल्या भागातल्या एका गावाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. वस्तीच्या तोंडाशी पोरांनी निळा झेंडा उभारला. गावातल्या काहींनी हरकत घेतली. शांतता समितीची बैठक झाली. बैठकीत पोरांना सांगण्यात आले, 'शांततेसाठी झेंडा तुम्हीच काढा.' तिथेच दुसऱ्या रंगाचा झेंडा वर्षानुवर्षे विनापरवाना उभा होता, त्याची कुणी गोष्टही काढली नाही. शांतता हवी असेल तर ती एकट्याने का पाळायची? परवानगीचा नियम असेल तर तो सगळ्या खांबांना लावा. हे बोलायला त्या बैठकीत कुणी नव्हते, कारण कायदा माहीत असलेले कुणी पोरांबरोबर गेलेच नव्हते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातींना पूज्य किंवा आदरणीय असलेल्या वस्तूची नासधूस वा विटंबना करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. किती कार्यकर्त्यांना हे कलम माहीत आहे?

इथवर आम्ही दुसऱ्यांना प्रश्न विचारले. आता आपल्याला विचारू. निळा झेंडा हा शेड्युल्ड कास्ट फेडरेशनपासून समता सैनिक दलापर्यंत बाबासाहेबांच्या चळवळीचा झेंडा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्याच झेंड्याखाली रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. आज त्या एका झेंड्याचे किती तुकडे झाले? प्रत्येक गटाचा झेंडा निळाच. निवडणूक आली की तो झेंडा कुणाच्या तरी गाडीच्या बोनेटवर चढतो आणि निकाल लागला की खाली उतरतो. लातूर रोडच्या गार्डला चुकीच्या झेंड्याचा जाब द्यावा लागतो. आमच्या पुढाऱ्यांना कुणी जाब विचारतो काय? जयंतीला डीजेपुढे झेंडा नाचवणारा पोरगा दहावीत का नापास झाला, हे त्याला कुणी विचारले काय? १५ एप्रिलला रस्त्यावर पडलेल्या निळ्या पताका आपण उचलतो, की त्याही सफाई कामगारासाठी सोडतो?

पंचशील ध्वजाचेही तसेच. १८८५ साली श्रीलंकेत हा ध्वज पहिल्यांदा फडकला. कोलंबोच्या समितीने तो तयार केला आणि कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याला नेहमीच्या ध्वजाचा आकार दिला गेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि सहावा या पाचांचा एकत्र पट्टा. १९५० साली श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला बाबासाहेब स्वतः हजर होते. आज तो ध्वज जगभरचे बौद्ध लावतात. आपल्या विहारावर तो लागला की आपण जगातल्या बौद्धांच्या पंगतीत बसतो. पण विहार वर्षाचे अकरा महिने कुलूपबंद असेल तर वरचा ध्वज कुणाला काय सांगत असेल?

या बाबतीत तथागतांनी जे सांगून ठेवले आहे, त्याच्यापुढे आमचे शब्द थिटे आहेत. पाली त्रिपिटकात धजग्ग सुत्त आहे. धजग्ग म्हणजे ध्वजाचे टोक. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना एक जुनी कथा सांगतात. देव आणि असुरांचे युद्ध होते तेव्हा देवांचा राजा शक्र आपल्या सैन्याला म्हणतो की भीती वाटली तर माझ्या रथाच्या ध्वजाकडे पाहा. भगवंत म्हणतात, त्या ध्वजाकडे पाहून भीती जाईलही किंवा जाणारही नाही. कारण ज्याचा तो ध्वज, तो शक्र स्वतःच राग, द्वेष आणि मोह यांतून सुटलेला नाही. तोच घाबरतो, तोच पळतो. म्हणून तुम्हाला भीती वाटली तर बुद्ध, धम्म आणि संघ यांची आठवण करा.

अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजच्या चळवळीला तंतोतंत लागू पडते. ध्वज कितीही उंच असो, तो धरणारा पळपुटा असेल तर त्याच्याकडे पाहून सैन्याची भीती जात नाही. धरणारा नीतीने आणि विचाराने उभा असेल तर ध्वज दिसला नाही तरी माणसे हटत नाहीत. महाडच्या तळ्यावर गेलेल्या लोकांची भीती कुठल्या कापडाने घालवली नव्हती. ती त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने घालवली होती.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. झेंडा जरूर लावा, उंच लावा. पण लावण्यापूर्वी जागेचा कागद करून ठेवा, ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. शांतता समितीच्या बैठकीला कायदा जाणणारा माणूस बरोबर न्या. झेंडा विटला, फाटला की मानाने उतरवा आणि नवा लावा. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पताका गोळा करायला तेच हात पुढे येऊ द्या, ज्यांनी त्या बांधल्या. ज्या वस्तीत निळा झेंडा आहे, तिथे एकही मूल शाळेबाहेर नाही, एकही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिलेला नाही, असा त्या झेंड्याचा शब्द होऊ द्या. मग लांबून झेंडा पाहणाऱ्याला कळेल की इथे कोण राहते.

चाकूरचा तो दुकानदार खोटे बोलला नाही. दुकानात असते तोवर ते कापडच असते. त्याचा झेंडा करायचा की नुसते फडके राहू द्यायचे, हे विकत घेणाऱ्याच्या हातात आहे. रुळावरच्या गँगमनकडे एखाद्या दिवशी लाल झेंडा नसला तरी तो दोन्ही हात उंच करून गाडी थांबवतो, कारण धोका दिसल्यावर आपण उभे राहायचे आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्या वस्तीवर, आपल्या संविधानावर धोका आला तर झेंडा हाती नसतानाही असे उभे राहणारे आपल्यात किती आहेत? येत्या जयंतीला खांबावर दोरी ओढण्यापूर्वी प्रत्येकाने आधी ही मोजदाद करावी.

जयभीम!